बर्फाच्या रेषेपर्यंत

३ ऑगस्ट २००८
मॅनियोटोटो, साउथ आयलंड

काका,

आधी 'तुम्ही' घालून लिहायला घेतलं होतं. तीन ओळींत कागद फाडला. तू रागावलायस म्हणून तुला अहो-जाहो करायचं, हे मला जमत नाही. ओरडायचं तर 'तू' वरच ओरड.

मेल टाकत नाही, कारण तू ते न उघडता डिलीट करतोस असं सिद्धीनं सांगितलंय. पोरीला रागवू नकोस, मीच विचारलं होतं. कागद फेकायला निदान उठून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जावं लागतं, आणि तेवढ्यात तुझ्यातला इंजिनीअर आत काय आहे ते बघणारच.

फ्लॅट बुशच्या तुझ्या घरातून निघालो त्याला पावणेतीन वर्षं झाली. आधी चेरी तोडल्या. मग कुंपणाचे खांब ठोकले. आणि आता जे करतो ते वाचून तू एक तर हसशील, नाहीतर पोलिसांना फोन करशील. मी डोंगर पेटवतो. नोकरीच आहे तशी.

इथे डोंगरभर टसॉक नावाचं गवत आहे, कमरेएवढं, पिवळं, झुपक्याझुपक्यानं वाढणारं. जुनं झालं की मेंढ्या तोंड लावत नाहीत, आणि उन्हाळ्यात चुकून पेटलं तर आठवडाभर आवरत नाही. म्हणून हिवाळा सरताना, जमीन ओली आणि माथ्यावर बर्फ असताना, ते मुद्दाम जाळतात. नकाशा काढून, परवानगी घेऊन. त्या आगीचा एक म्होरक्या असतो, त्याला बर्न बॉस म्हणतात. कुठून पेटवायचं, कोण कुठे उभा राहणार, कधी थांबायचं, सगळं त्याच्या शब्दावर. त्याचं सर्टिफिकेट लागतं. मी ते ट्रेनिंग घेतोय. बारावीला दोनदा उडालेला तुझा पुतण्या चार महिने वही भरतोय, काका. दर तासाला दोन थर्मामीटरचा खुळखुळा गरागरा फिरवून हवेतली आर्द्रता काढतो आणि लिहून ठेवतो. माझ्या हाताला लागलेली ही पहिली खरी वही.

ट्रेनर आहे ट्रिश. पन्नाशीची, सहा फुटी, गमबुटातच जन्मली असावी अशी. पहिल्या आठवड्यात मी तिच्या ट्रकला मागून शिकाऊ ड्रायव्हरची पिवळी एल पाटी चिकटवली. ती तीन दिवस तशीच गावभर फिरली. चौथ्या दिवशी ती पाटी माझ्या हेल्मेटला स्क्रूनं बसवलेली. अजून तिथेच आहे.

पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. परवा पहिल्यांदा मोठी आग बघितली. हेमी म्हणून एकजण आहे क्रूमध्ये, इथलाच, माओरी, सर्टिफिकेटवाला. त्यानं आधी वर, बर्फाच्या खाली, एक पट्टा जाळून काळा केला. मग दोन्ही बाजू. शेवटी पायथा. हातात झारीसारखा डबा असतो, चोचीतून पेटतं तेल ठिबकत जातं. मला वाटलं पायथा लावला की पळायचं. ट्रिश म्हणाली, "उभा राहा. बघ. बोलू नकोस."

बोललो नाही. काकूला सांग, तिला खरं वाटणार नाही.

आगीनं श्वास घेतला, काका. खरंच घेतला. इतका वेळ तोंडावर लागणारा वारा एकदम मानेवर लागायला लागला, आमच्या मागून आगीकडे. माझी टोपी तिकडे ओढली गेली. मग शंभर ताडपत्र्या एकदम झटकाव्यात तसा आवाज, आणि सगळा उतार उठून वर चालायला लागला. धूर वाकडातिकडा नाही, सरळ, पांढरा, खांबासारखा उभा. त्याच्याभोवती ससाणे घिरट्या घालत होते, पळणारे उंदीर टिपायला. त्यांना पाठ असतं म्हणे सगळं. आग त्या काळ्या पट्ट्यापाशी पोचली, एकदा घराएवढी उंच झाली, आणि खाली बसली. विझवली नाही कुणी. तिला जिथे बसायला सांगितलं होतं तिथे ती बसली. दहा पावलांवर बर्फ होता, तो तसाच पांढरा.

मला इतकी वर्षं वाटायचं आग म्हणजे गंमत, आणि नंतर वाटायचं आग म्हणजे शिक्षा. ही दोन्ही नव्हती.

तुझा
अक्षत


२४ ऑगस्ट २००८

काका,

उत्तर नाही आलं, ठीक आहे. काकूच्या चकल्या आल्या. चिठ्ठी नाही, नुसत्या चकल्या. डबा कुणी पॅक केला ते मी ओळखलं, चारी बाजूंनी टेप सारख्या लांबीची होती. काकू टेप दातानं तोडते.

चकल्या हेमीला दिल्या. तो म्हणाला, "ब्रो, ही काटेरी तार खायची असते का?" मग आठ खाल्ल्या.

एक अडचण आलीय. लेखी परीक्षा झाली, पास. हसू नकोस. आता राहिलं प्रत्यक्ष. एक अख्खा उतार माझ्या हुकमावर जाळायचा आणि ट्रिश मागे उभी राहून बघणार. पण त्याआधी तिची एक पद्धत आहे. पुस्तकात नाही, तिची स्वतःची, वीस वर्षांची. पेटवायच्या आधी क्रू गोल करून उभा राहतो. नवा बॉस मध्ये येतो आणि त्याच्या हातून सुटलेली आग सांगतो. चुलीवरचं दूध नव्हे, खरी सुटलेली आग. कधी, कुठे, कोणाचं काय गेलं. मग गोलातला एकेक जण त्याच्याकडे बघून 'यस' किंवा 'नो' म्हणतो. एक जरी नो आला तरी त्या दिवशी काडी ओढायची नाही. सांगितलेलं मग वहीच्या शेवटच्या पानावर लिहून सही करायची, आणि ती वही ऑफिसात जमा होते.

मी विचारलं, "आणि ज्याच्या हातून कधी सुटलीच नाही तो?"

"तो खोटं बोलतोय, नाहीतर त्यानं कधी काही पेटवलेलं नाही," ट्रिश म्हणाली. "दोघांच्याही हाताखाली मी उभी राहत नाही."

मंगळवारी तालीम होती. मी टोस्टरची गोष्ट सांगितली. माउंट रॉस्किलला मित्राच्या फ्लॅटवर टोस्टरमध्ये पोळी घातली, पडदा पेटला, घरमालकीण टॉवेलवर बाहेर आली. सॉलिड रंगवली. हेमी जमिनीवर बसून हसला. सगळे हसले.

ट्रिश नाही हसली. वही माझ्या हातात परत दिली, शेवटचं पान कोरं. "गोष्ट चांगली होती," म्हणाली. "आता तुझी आग घेऊन ये."

तिला कसं कळलं काय माहीत. तुलाही असंच कळायचं.

अक्षत


७ सप्टेंबर २००८

काका,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्हींमध्ये विनोद होते.

२००५ची दिवाळी, एक नोव्हेंबर. तुझ्या फ्लॅट बुशच्या घरातली. अंगणात मंडळातली वीसेक माणसं. दरवर्षीसारखं तू बादली घेऊन उभा राहिलास आणि तुझं भाषण सुरू केलंस. पाणी उजव्या हाताला. वारा पाठीला. माणसं मागे. आणि पळायची वाट आधी बघून ठेवा. दिवसभर ऑफिसात इमारतींच्या स्प्रिंकलरची डिझाइन करणारा माणूस घरी येऊन फुलबाजीची पण डिझाइन समजावतो, हे मला फार फनी वाटायचं. म्हणून मी ठरवलं की 'पळायची वाट' म्हणालास की मागच्या कुंपणापलीकडे माळ वाजली पाहिजे. कुंपणापलीकडे गॉर्सच्या काटेरी झुडपांचं रान होतं, हिरवंगार, पिवळ्या फुलांचं. हिरवं आहे, पेटणार नाही, असं मला वाटलं.

आता मला माहितीये. गॉर्स वरून हिरवा असतो, आत सगळा वाळका, आणि पानात तेल. ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी शिकवतात. तो धडा चालू असताना मी उठून बाहेर गेलो होतो. पोट बिघडलंय म्हणालो.

अजून पुरता अंधारही पडला नव्हता. वारा उत्तरेचा होता. माळ वाजली, माणसं दचकली, हसली, तूही हसलास. आणि मग कुंपणाच्या वर पिवळा उजेड आला. शेजारचा लेन, त्याची शेड, आणि शेडमागे त्याच्या मधमाश्यांच्या अकरा पेट्या. तू बादली घेऊन पळालास. एक बादली, काका. लेन पायजम्यात उभा होता आणि पेट्यांकडे हात करून नुसता उभा होता. त्या आवाजाबद्दल मी कोणाला सांगितलेलं नाही. पेट्यांचा आवाज.

बंब आला. ऑफिसरनं विचारलं, कोणी लावलं. मी तुझ्यापासून दोन हातांवर होतो, लायटर खिशात, अजून गरम. माझी रेसिडन्सीची फाइल आदल्याच महिन्यात आत गेली होती, एक नोंद आली असती तर बाद. तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मी चपलांकडे बघत होतो. मग तू म्हणालास, "मी लावलं. माझी चूक."

ऑफिसात तुला नंतर काय ऐकावं लागलं ते काकूनं सांगितलं. स्प्रिंकलरवाल्याच्या घरून आग. वर्षभर चाललं म्हणे.

त्या दिवशी आत आल्यावर तू मला एकच वाक्य बोललास. "मला वाटलं होतं तू पुढे येशील." दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग उचलली. आपण बोललेलो ते शेवटचं.

मला वाटायचं तू माझ्यावर आगीसाठी रागावलायस. आता कळतं, आगीसाठी नाही.

तर आता विचारायचं ते हे. रेसिडन्सी मिळून गेली, माझं काही जाणार नाही. पण मी शेवटच्या पानावर खरं लिहिलं तर तू बंबवाल्यांना खोटं सांगितलंस हे सही करून सरकारी ऑफिसात जाणार. तुझं नाव आहे या धंद्यात. माझं काहीच नाही. म्हणून तू हो म्हणालास तरच सांगेन. नाही म्हणालास, किंवा काहीच म्हणाला नाहीस, तर नाही सांगणार. एकदा तुला न विचारता तुझ्या नावावर आग लावलीय. दुसऱ्यांदा नाही.

परीक्षेची तारीख २७ सप्टेंबर.

अक्षत


२७ सप्टेंबर २००८

काका,

रोज टपालपेटी बघितली. पोस्टवाली मला बघून लांबूनच मान हलवायला लागली होती.

सकाळी गोल झाला. उतार मोठा, दव नुकतं उडालेलं, वारा मनासारखा. माझा नकाशा, माझा प्लॅन. मी मध्ये गेलो. हेमी मला अ‍ॅक्स म्हणतो. तो म्हणाला, "चल अ‍ॅक्स, या वेळी फ्रिजची गोष्ट सांग."

मी म्हटलं, "माझ्याकडे आग आहे. पण ती एकट्या माझी नाहीये. ज्याची आहे त्याला विचारलंय, त्याचं उत्तर आलेलं नाही. म्हणून मला सांगता येत नाही."

कोणी हसलं नाही. मला वाटलं आता ट्रिश म्हणेल, घरी जा. ती म्हणाली, "मग आज तू पाणी उचल. हेमी, तू चालव." आणि जाताना, "अठरा ऑक्टोबरला एक उतार आहे. सीझनचा शेवटचा. त्यानंतर वही बंद, पुढच्या वर्षी पहिल्यापासून."

पाठीवर वीस लिटर घेऊन मी बाजूच्या धारेवर उभा राहिलो. माझाच प्लॅन दुसऱ्याच्या तोंडून चालताना ऐकत. आणि खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. दोन बाजूंच्या आगी मधल्या घळीत एकमेकींकडे सरकत होत्या, सावकाश, माणसांच्या चालीनं. मध्ये चाळीस पावलं गवत राहिलं तेव्हा दोघींनी एकमेकींना ओढायला सुरुवात केली. झुपके मुळापासून थरथरत होते, अजून पेटलेले नसताना. मग दोन्ही एकदम धावल्या, भेटल्या, आणि जमिनीवरून उचलल्या गेल्या. खाली काही नाही, वर हवेत ज्वाळ, माझ्या डोळ्यांदेखत. मग तीही नाही. इतकं शांत झालं की वर बर्फाचं पाणी ठिबकताना ऐकू आलं. हेमी एवढा बडबड्या, त्यानं हेल्मेट काढलं.

ही एवढी थोर गोष्ट आहे आणि मी ती कुंपणामागे लवंगी माळेसारखी वापरली. हे तुला सांगावंसं वाटलं. उत्तरासाठी नाही.

अक्षत


२८ ऑक्टोबर २००८
लक्ष्मीपूजन

काका,

चौदा तारखेला पाकीट आलं. जाड. मला वाटलं माझी पत्रं न वाचता परत पाठवलीस. उघडलं तर चारही पत्रं, आणि चारहींवर लाल पेन. दहावीच्या गणितासारखं.

पहिल्या पत्रावर, समासात: 'आग श्वास घेत नाही. गरम हवा वर जाते, खाली पोकळी होते. बाकी वर्णन बरोबर.'

दुसऱ्यावर: 'टेप मीच लावली.'

तिसऱ्यावर काय लिहिलं असशील या भीतीनं मी ते ट्रकमध्ये बसून वाचलं. 'वारा उत्तरेचा नव्हता. नैऋत्येचा, ताशी पंधरा किलोमीटर. मी दुसऱ्याच दिवशी एअरपोर्टवरून विचारून घेतलं होतं. वहीत बरोबर लिही.' खाली: 'पेट्या अकरा होत्या, पण जळल्या नऊ. दोन वाचल्या. त्या दोनांच्या आता सात झाल्या आहेत. तू थांबला असतास तर तुला दिसल्या असत्या.' त्याच्याखाली: 'लेनला रविवारी सगळं सांगितलं. त्यानं चहा केला. मग म्हणाला, चारू, तुझं बादलीचं भाषण मी दोन वर्षं कुंपणावरून ऐकलंय. ती आग तुझी नव्हती हे मला तेव्हाच माहीत होतं. तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो.'

म्हणजे तू माझी वाट बघत होतास आणि लेन तुझी. आणि मी इथे पोस्टवालीची.

चौथ्यावर, अगदी शेवटी, एवढंच: 'सांग. माझ्या नावासकट. गोलात मी नसेन म्हणून लिहून देतो. माझ्याकडून हो. चा. म.'

अठराला गोल झाला. मी मध्ये गेलो आणि सांगितलं. माळ, गॉर्स, नैऋत्येचा वारा, ताशी पंधरा. नऊ पेट्या. लायटर माझ्या खिशात आणि "मी लावलं" तुझ्या तोंडी. मराठीत लिहिताना जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात इंग्लिशमध्ये झालं. माझं इंग्लिश तेवढंच आहे. हेमी बुटांकडे बघत होता. मग मी पुढचं ब्रीफिंग सुरू केलं. पाणी उजव्या हाताला. वारा पाठीला. माणसं मागे. पळायची वाट सगळ्यांनी आत्ता बघून घ्या, मी थांबतो.

ट्रिश म्हणाली, "हे कोणी शिकवलं? मी नाही शिकवलं."

"काकानं. त्याचीच गोष्ट सांगितली आत्ता."

मग एकेक करून विचारलं. सहा जण. हेमी सगळ्यांत शेवटी, मुद्दाम ताणून, "ये-स." मला वाटलं झालं. ट्रिश म्हणाली, "त्याचा काय, यस की नो?"

"कोणाचा?"

"काकाचा. आग दोघांची आहे म्हणालास ना?"

मी खिशातून कागद काढला. लाल ओळीवर बोट ठेवून दाखवलं. तिला मराठी कुठलं येतंय, पण तिनं कागद हातात घेऊन नीट बघितला, सही बघितली, तशीच घडी घालून परत दिला. "सात," म्हणाली. "लाव."

आधी खोलीएवढा एक तुकडा पेटवून बघायचा असतो, हवेचे आकडे सांगतात तशी आग वागते का ते. दहा मिनिटं बघितला. वागली. मग वरचा पट्टा, मग बाजू. पायथ्याला झारी वाकवायच्या आधी मी परत एकदा वारा बघितला. बघ, ट्रिश म्हणाली, जो बघत नाही त्याला मी नापास करते.

मग तो अख्खा उतार, काका. माझ्या शब्दावर. मी 'थांब' म्हणालो की माणसं थांबत होती, आणि ती थांबली की आग पण वाट बघितल्यासारखी हळू होत होती. तुझी पोकळीबिकळी मला आता माहितीये, तरी सांगतो, तिनं श्वास घेतला. वर गेली, काळ्या पट्ट्यापाशी उभी राहिली आणि बसली. बर्फाच्या रेषेपर्यंत. एक पाऊल पुढे नाही. मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो. कोणी हाक मारली नाही मला. इथे तशी पद्धत आहे, पहिल्या वेळी उभं राहू देतात.

सर्टिफिकेट आलंय. हेल्मेटची एल पाटी ट्रिशनं स्वतः स्क्रू काढून उतरवली. आता ती परत तिच्या ट्रकला आहे. तिला अजून माहीत नाही.

डिसेंबरात चार दिवस रजा आहे. लेनकडे आधी जाईन, मग तुझ्याकडे. त्यानं दार उघडलं नाही तर कुंपणावरून बोलेन.

आज संध्याकाळी ट्रकच्या मागच्या फळीवर एक पणती लावली. चहाच्या बशीत, स्वयंपाकाचं तेल, वात मी वळलेली, वाकडी. सगळा क्रू गोल करून बघायला आला. लावायच्या आधी मी बादली भरून आणली आणि उजव्या हाताला ठेवली.

ट्रिश म्हणाली, "एवढ्या वातीला बादली?"

म्हटलं, आमच्या घरी अशीच लावतात.

तुझा
अक्षत